हवा काढूनही ब्रेक पेडल पुन्हा खाली जाते : दोष घरच्या घरी कसा शोधला आणि कसा दुरुस्त केला

आमची गाडी २०१२ सालची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक आहे. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक आणि एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. गेल्या दसऱ्याच्या सुमारास तिचे ब्रेक पेडल पहिल्यांदा मऊ लागू लागले. गॅरेजमध्ये दाखवले, तेव्हा ‘एअर धरली आहे’ असे सांगून चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढून देण्यात आली आणि पेडल चांगले वर आले. दिवाळी संपता संपता ते पुन्हा खोल जाऊ लागले; पुन्हा हवा काढली. संक्रांतीच्या आधी तिसऱ्यांदा तक्रार उद्भवली, परंतु या वेळी तिचे रूप बदलले होते. कोल्हापूरच्या दसरा चौकात सिग्नलला गाडी उभी असताना, पाय जरासुद्धा न हलवता, पेडल सावकाश खाली सरकत गेले आणि मॅटच्या जवळ जाऊन थांबले. पाय उचलून पुन्हा दाबले, तर ते पूर्वीसारखे वर आणि घट्ट. पुन्हा तसेच धरून ठेवले, तर पुन्हा खाली.

सिग्नल सुटल्यावर पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर हात ठेवून गाडी घरी आणली. ते करायला नको होते हे आता लिहिताना कळते आहे. तेथेच बाजूला घेऊन उचलून आणायला हवी होती. त्यानंतर दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत गाडी दारातून हलवली नाही.

शेजारी एसटीच्या आगारात तीस वर्षे काढून निवृत्त झालेले तात्या राहतात. त्यांना हकीकत सांगितली, तेव्हा ते हसून म्हणाले, “आमच्या गाडीत हवा भरली की ब्रेक लागायचा, तुमच्या गाडीत हवा काढली की लागतोय. पण दोन्हीकडं हवा गेली कुठं नि आली कुठनं, ते आधी बघायचं असतंय.” बसच्या हवेच्या ब्रेकची आणि मोटारीच्या तेलाच्या ब्रेकची जात वेगळी असली, तरी त्यांच्या बोलण्यातला मुद्दा नेमका होता. ब्रेक ऑइलच्या डबीतील पातळी कधी तळाशी गेलेली नसेल, कोणी पाईप सोडलेला नसेल, तर ब्रेकच्या नळ्यांत हवा आपोआप तयार होत नाही. ती दर महिन्या-दोन महिन्यांनी काढावी लागत असेल, तर ती आत येण्याची वाट शोधल्याशिवाय निप्पलला (चाकापाशी हवा काढण्यासाठी असलेल्या छोट्या तोटीला) पाना लावण्यात अर्थ नसतो. आमच्या गाडीत दोन वेळा हवा काढली गेली आणि ती वाट मात्र एकदाही शोधली गेली नाही. इतकेच नव्हे, तर त्या दोन वेळच्या उपचारातूनच दुसरा, अधिक गंभीर दोष जन्माला आला, हे पुढे कळले.

पेडल कसे खाली जाते, ते आधी पाहावे

‘ब्रेक पेडल खाली जाते’ या एका वाक्यात किमान पाच वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात, आणि हत्यारांची पेटी उघडण्यापूर्वी आपली तक्रार त्यांपैकी कोणती हे ठरवले, तर निम्मे काम होते.

पेडल दाबल्यावर रबरी चेंडू दाबल्यासारखे वाटत असेल, म्हणजे विरोध लागतो पण तो मऊ असतो आणि भराभर दोन-तीन वेळा मारल्यावर थोडे वर येते, तर नळ्यांत हवा आहे असे समजावे. हवा थोडी असली तरी परिणाम मोठा का होतो, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. छोट्या गाडीच्या मास्टर सिलेंडरचा (पेडल दाबल्यावर चाकांकडे ऑइल ढकलणाऱ्या मुख्य सिलेंडरचा) व्यास साधारण वीस मिलिमीटर आणि त्यातील पिस्टनचा प्रवास साधारण तीस मिलिमीटर धरला, तर पूर्ण दाबात पुढे ढकलले जाणारे ऑइल अवघे नऊ-साडेनऊ मिलिलीटर भरते, म्हणजे दोन चहाचे चमचे. त्यात दोन-तीन मिलिलीटरचा बुडबुडा असेल, तर पेडलचा पाव ते तृतीयांश प्रवास तो बुडबुडा चेपण्यातच खर्ची पडतो.

पहिल्या दाबाला पेडल खोल जाते, दुसऱ्या दाबाला मात्र वर येते आणि तेथे दगडासारखे घट्ट राहते, असे असेल तर हवेचा संशय घेऊ नये. तेथे बहुधा मागच्या ड्रममधील शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे भाग) आणि ड्रम यांमधील अंतर वाढलेले असते आणि पहिला दाब ते अंतर भरून काढण्यातच जातो. हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा आणि मग पेडल दाबावे. हँडब्रेकने शू ड्रमकडे सरकलेले असतात, त्यामुळे पेडल एकदम वर लागले तर दोष मागच्या अॅडजस्टमेंटचा आहे. खड्ड्यांच्या रस्त्यावरून आल्यानंतर तेवढ्यापुरता पहिला दाब खोल जात असेल, तर मात्र पुढच्या चाकाचे बेअरिंग ढिले आहे का किंवा डिस्क वाकडी आहे का हे पाहावे, कारण हलणारी डिस्क पॅडना मागे ढकलून देते. या कामात आपल्या शहरातील काही रस्ते पुरेशी मदत करतात.

घाट उतरताना पेडल लांब जाते आणि तासाभराने, सर्व थंड झाल्यावर, जणू काही झालेच नव्हते असे पूर्ववत होते, हा आणखी वेगळा प्रकार. गगनबावड्याहून करूळ घाट उतरून वैभववाडीकडे जाताना किंवा आंबा घाटातून रत्नागिरीकडे उतरताना, सतत ब्रेकवर पाय ठेवणाऱ्यांना याचा अनुभव येतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा मानक आहे, पण ओलावा मुरलेल्या स्थितीत हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे अनुक्रमे २३० आणि १५५ आहेत. जुने ऑइल कॅलिपरमध्ये (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागात) उकळले की त्याची वाफ होते आणि वाफ हवेसारखीच चेपली जाते. येथे उपाय म्हणजे संपूर्ण ऑइल बदलणे आणि घाटात दुसऱ्या गिअरमध्ये उतरणे. सुटे भाग बदलून काहीही साधत नाही.

पेडल घट्ट, जड, जणू लाकडाचा ओंडका दाबतो आहोत असे लागत असेल, तर तो बूस्टरचा, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाचा, विषय आहे आणि या लेखाचा नाही.

राहिला शेवटचा प्रकार, म्हणजे स्थिर दाबाखाली पेडल हळूहळू बुडत जाणे. हा सर्वांत फसवा आणि माझ्या मते सर्वांत धोक्याचा प्रकार आहे, कारण जोरात, झटक्यात ब्रेक मारला तर तो लागतो आणि मालकाला वाटते की अजून वेळ आहे. याला कारणे दोनच संभवतात : ऑइल कोठून तरी बाहेर गळते आहे, किंवा मास्टर सिलेंडरच्या आतच, पिस्टनवरील सीलला चकवून ते पुढून मागे पळते आहे. पहिल्या कारणात डबीतील पातळी उतरते. दुसऱ्यात ती जशीच्या तशी राहते, कारण ऑइल घराबाहेर गेलेलेच नसते.

पट्टी, खडू आणि एक मिनिट

‘थोडे खाली जाते’, ‘बरेच खाली जाते’ अशा भाषेत दोष सापडत नाही, म्हणून मोजमाप केले. प्लायवूडची हातभर लांबीची एक पट्टी घेऊन ती पेडलच्या शेजारी, खालचे टोक फ्लोअरवर टेकवून उभी धरली. इंजिन बंद ठेवून पेडल सहा-सात वेळा दाबले, म्हणजे बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि त्याची लुडबूड राहत नाही. नंतर पेडल मध्यम जोराने दाबून धरले आणि ते जेथे थांबले तेथे पट्टीवर खडूची रेघ ओढली. एक मिनिट पाय तसाच ठेवून पुन्हा रेघ ओढली. पहिली रेघ फ्लोअरपासून साडेनऊ सेंटिमीटरवर होती, दुसरी साडेचारवर.

यात एक बारकावा आहे. हीच चाचणी पूर्ण ताकदीने पेडल दाबून केली, तेव्हा ते मिनिटभरात जेमतेम सेंटिमीटरभर उतरले. सीलची कड ओठासारखी बाहेर वळलेली असते आणि ऑइलचा दाब जितका जास्त तितकी ती सिलेंडरच्या भिंतीला घट्ट चिकटते. म्हणून झिजलेले सील मोठा दाब कसाबसा धरते आणि हलका दाब सोडून देते. सिग्नलला आपण पेडलवर हलकाच पाय ठेवून असतो, त्यामुळे दोष तेथे दिसला आणि गॅरेजमध्ये जोरात दाबून पाहणाऱ्याला तो दिसला नाही. ही चाचणी हलक्या आणि जोरकस अशा दोन्ही दाबांनी करावी. इंजिन चालू असताना मात्र तिच्यावर विसंबू नये, कारण चालू इंजिनात बूस्टर मदत करत असतो आणि चांगल्या गाडीचे पेडलही थोडे खाली सरकते.

त्यानंतर गळती शोधली. चारही चाकांच्या आतल्या बाजू, रबरी होस, पाईपांचे सांधे आणि इंजिनाच्या बाजूला मास्टर सिलेंडर जेथे बूस्टरला बसतो तो जोड, अशा सर्व ठिकाणी कोरडा टिश्यू पेपर फिरवला. शेवटचे ठिकाण बहुतेक जण विसरतात. मास्टर सिलेंडरचे मागचे सील गेले, तर ऑइल सरळ बूस्टरच्या पोटात जाते, जमिनीवर एक थेंबही पडत नाही, आणि डबीतील पातळी का उतरते हे कळत नाही. बूस्टरच्या तोंडाशी रंग पोपडे धरून निघालेला दिसला, तर ती खूण समजावी. आमच्या गाडीत तेथे रंग शाबूत होता. डबीवर स्केच पेनने केलेल्या खुणेपासून पातळी चार दिवसांत हललेली नव्हती. मागच्या डाव्या चाकापाशी मात्र टिश्यूला किंचित तेलकट डाग लागला. गळती म्हणावी असा तो नव्हता, ओल म्हणावी इतकाच.

येथवर संशय मास्टर सिलेंडरवर पक्का होता, पण संशयावरून महागडा भाग बदलणे मनाला पटेना. खात्री करण्याचा मार्ग असा की मास्टर सिलेंडरमधून चाकांकडे जाणारे पाईप सोडून त्याची तोंडे बंद करायची आणि पेडल दाबून पाहायचे. बाहेरचा सगळा संसार तोडल्यावरही पेडल बुडत असेल, तर दोष आतच. तोंडे बंद करण्यासाठी साधा बोल्ट चालत नाही, कारण आत पाईपच्या फ्लेअरसाठी (पसरट केलेल्या टोकासाठी) शंकूसारखी बैठक असते आणि बोल्टच्या सपाट टोकाने ती खराब होते. दुचाकीवरून शिवाजी उद्यमनगर गाठले. ज्या भागात अख्ख्या इंजिनांचे सुटे भाग तयार होतात, तेथे ही गोष्ट पाच मिनिटांची होती. भंगारातील ब्रेक पाईपचे, नट आणि फ्लेअर शाबूत असलेले, बोटभर लांबीचे दोन तुकडे कापून घेतले, त्यांची उघडी टोके हातोड्याने चेपून दुमडली आणि पितळेने झाळून बंद करून घेतली. नटाचे आटे आपल्या गाडीच्या आट्यांशी जुळतात का, हे आधी हाताने फिरवून पाहावे. पहिले दोन-तीन फेरे पान्याशिवाय सहज बसले पाहिजेत.

हे दोन तुकडे बसवून पेडल दाबले. मास्टर सिलेंडर चांगला असता, तर पेडल वरच्या वर भिंतीला टेकल्यासारखे थांबले असते. ते थांबले आणि मग, डोळ्यांदेखत, खाली सरकू लागले. संशय खरा ठरला.

काही ठिकाणी याच कामासाठी रबरी होस चिमट्याने आवळून चाके एकेक करून तोडून पाहतात. बारा वर्षे जुन्या होसला असे आवळले, तर त्याच्या आतील थर फाटण्याचा संभव असतो, म्हणून मी ते केले नाही आणि करावे असे सुचवणारही नाही.

दोष एक नव्हता

मागच्या डाव्या चाकाची ती ओल अजून मनात होती. पुढच्या चाकांना पुढून-मागून दगड लावून, गाडी जॅकने उचलून, खाली लोखंडी स्टँड देऊन आणि हँडब्रेक सोडून ड्रम काढायला घेतला. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये, ही गोष्ट सांगून झिजली असली तरी ती पाळणारे कमी आहेत. ड्रम गंजाने धरून बसला होता. अनेक गाड्यांच्या ड्रमला यासाठीच दोन आटे पाडलेली छिद्रे असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळत गेले, की ड्रम आपण होऊन बाहेर येतो. हातोडा मारण्याची गरज पडत नाही. आतील काळी धूळ फुंकून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, कारण शूवरच्या जुन्या लायनरमध्ये (घासणाऱ्या थरामध्ये) अॅस्बेस्टॉस असू शकते; ती पाण्याने भिजवून फडक्याने पुसावी आणि ते फडके टाकून द्यावे.

शू बाहेर ढकलणाऱ्या व्हील सिलेंडरच्या टोकावरील रबरी टोपी नखाने उलटवली आणि आतून ऑइल ओघळले. टोपीखाली नुसता ओलसरपणा असला तर चालतो, पण थेंब पडला तर सील गेले. पेडल सोडल्यावर ऑइल मागे परतते, त्या क्षणी अशा कमकुवत सीलच्या कडेने बाहेरची हवा थोडी थोडी आत ओढली जाते. हीच ती वाट. दसऱ्याला जी हवा सापडली ती येथून आली होती, आणि ती काढल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा जमत होती.

मग मास्टर सिलेंडर कसा गेला? तो उघडून पाहिल्यावर उत्तर मिळाले. पिस्टन बाहेर काढून सिलेंडरमध्ये टॉर्च मारला, तर पिस्टन रोज जेवढा चालतो तेवढा भाग आरशासारखा होता आणि त्याच्या पलीकडे, जेथे तो एरवी कधी पोहोचत नाही, तेथे करड्या रंगाचा खरखरीत पट्टा होता. वर्षानुवर्षे न बदललेल्या, पाणी मुरलेल्या ऑइलने तो भाग खाल्ला होता. गॅरेजमध्ये हवा काढताना पेडल पूर्ण फ्लोअरपर्यंत दाबले जाते. दोन वेळा मिळून शंभरएक वेळा तरी सीलची मऊ कड त्या खरखरीत भागावरून फिरली असणार. पुढच्या सीलच्या कडेवर नखाला लागतील असे तीन बारीक चरे होते. हवा काढणाऱ्या मुलाची यात काही चूक होती असे मी म्हणणार नाही, कारण त्याला शिकवलेली रीतच ती आहे. परंतु जुन्या गाडीची हवा काढताना पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवून त्याचा प्रवास मर्यादित करावा, एवढी काळजी घेतली असती तर हा सिलेंडर कदाचित आणखी काही वर्षे चालला असता.

दुकानात ‘नुसते किट टाका, कशाला अख्खा बदलता’ असा, म्हणजे फक्त सील बदलण्याचा, सल्ला मिळाला. आतील भिंत गुळगुळीत असेल तर तो सल्ला योग्य ठरतो. भिंतीला खड्डे पडलेले असताना नवे सील घातले, तर तेही त्याच वाटेने जाते, आणि ॲल्युमिनियमचा सिलेंडर घासून साफ करणे म्हणजे त्याचा वरचा कठीण थर काढून टाकणे होय. म्हणून पूर्ण मास्टर सिलेंडर नवा घेतला, आणि मागचे दोन्ही व्हील सिलेंडरही. एका बाजूचा गेला म्हणजे दुसरा त्याच वयाचा असतो.

शू काढताना एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे स्प्रिंगा कशा होत्या ते दुसऱ्या बाजूकडे पाहून कळते. ऑइल लागलेले लायनर पुसून वापरू नयेत. ते बदललेच पाहिजेत. आमच्या गाडीतील दोन्ही अॅडजस्टर गंजून जाम झालेले निघाले, म्हणजे शू झिजत गेले तरी ते आपोआप पुढे सरकत नव्हते आणि पेडल खोल जाण्यात त्यांचाही वाटा होता. ते तारेच्या ब्रशने साफ करून, आट्यांना उष्णता सोसणारे ग्रीस अगदी चिमूटभर लावून बसवले. डाव्या आणि उजव्या अॅडजस्टरचे आटे एकमेकांच्या उलट असतात, त्यामुळे त्यांची अदलाबदल होऊ देऊ नये. ड्रम हाताने सरकवून बसवता येईल आणि फिरवल्यावर लायनर जेमतेम घासल्याचा आवाज येईल, इतपत शू बाहेर काढावेत.

रॉकेल, पेट्रोल, डिझेल यांपैकी कशानेही ब्रेकचे आतील भाग धुऊ नयेत. या प्रणालीतील रबर ब्रेक ऑइलसाठी बनवलेले असते आणि खनिज तेलाचा हात लागला तरी फुगते. डबीच्या झाकणातील रबर फुगून वेडेवाकडे झालेले दिसले, तर पूर्वी कोणीतरी भलतेच तेल ओतले आहे असे समजावे. मग काम फार वाढते, कारण प्रत्येक रबर बदलावे लागते.

बसवणे आणि हवा काढणे

नवा मास्टर सिलेंडर कोरडा बसवला, तर त्यातील हवा निघता निघत नाही. तो आधी व्हाइसमध्ये हलकेच धरून, त्याच्या दोन्ही तोंडांना नळ्या लावून त्या परत डबीतच सोडल्या, डबीत ऑइल भरले आणि लाकडी दांडक्याने पिस्टन सावकाश आत-बाहेर केला. सुरुवातीला नळ्यांतून फेस आला, नंतर मोहरीएवढे बुडबुडे, आणि विसाव्या-पंचविसाव्या दाबानंतर नुसते ऑइल. मग तो गाडीवर चढवला. बूस्टरची दांडी आणि पिस्टन यांच्यात अगदी थोडी फट राहायला हवी. ती मुळीच नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ब्रेक चिकटू लागतात. पाईपांचे नट आधी हाताने लावावेत आणि नंतर पाईपाच्या नटासाठी मिळणाऱ्या खास पान्यानेच आवळावेत. उघड्या पान्याने नटाचे कोपरे गोल झाले, की पाईपच बदलण्याची पाळी येते.

हवा काढायला मुलीला सीटवर बसवले. पेडलखाली दोन इंची लाकडी ठोकळा ठेवला होता. निप्पलला सलाइनची पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक थोडे ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवले. मी “दाब” म्हटल्यावर तिने सावकाश दाबायचे आणि “दाबलं” असे मोठ्याने सांगायचे. मग मी निप्पल अर्धा फेरा उघडणार, ऑइल वाहून झाल्यावर बंद करणार, आणि “सोड” म्हटल्याशिवाय तिने पाय उचलायचा नाही. सर्व काही या क्रमावर अवलंबून असते. निप्पल उघडे असताना पाय उचलला गेला, तर काढलेली हवा त्याच वाटेने परत आत येते. चौथ्या-पाचव्या वेळी तिने ‘सोड’ची वाट न पाहता पाय उचलला आणि ते चाक पहिल्यापासून करावे लागले.

चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि तोच पाळावा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत ब्रेकचे दोन मार्ग तिरके असतात, म्हणजे मागचे डावे आणि पुढचे उजवे चाक एका मार्गावर, उरलेली दोन दुसऱ्यावर. त्यामुळे ‘सर्वांत लांबचे आधी’ हा सरसकट नियम प्रत्येक गाडीला लागू पडत नाही. डबीतील पातळी दर आठ-दहा दाबांनंतर पाहावी. ती तळाला गेली तर सर्व मेहनत वाया. ऑइल झाकणावर लिहिलेल्या प्रतीचे, नव्या सीलबंद डब्यातलेच घ्यावे. बाहेर काढलेले ऑइल स्वच्छ दिसले तरी परत ओतू नये, आणि बॉनेटच्या रंगावर सांडल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावे, कारण ते रंग उचलते. आमच्या गाडीला पाऊण लिटर लागले. मागच्या चाकांतून पहिल्यांदा आलेले ऑइल गुळाच्या पाण्यासारखे होते.

ज्यांच्या गाडीला एबीएस आहे त्यांच्यासाठी एक सूचना. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडील नव्या मोटारींना ते सक्तीचे झाले आहे, म्हणजे अलीकडच्या सर्व गाड्या यात आल्या. अशा गाडीत मास्टर सिलेंडर बदलताना एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली, तर ती काढण्यासाठी अनेकदा स्कॅनर जोडून आतील पंप चालवावा लागतो. तेथे घरचा प्रयोग मागच्या ड्रमपाशीच थांबवावा.

सर्व जोडून झाल्यावर तीच प्लायवूडची पट्टी पुन्हा घेतली. इंजिन बंद, सहा-सात दाब, हलका पाय, एक मिनिट : दोन्ही रेघा अकरा सेंटिमीटरवर, एकावर एक. जोराने दाबूनही तेच. मग पाय पेडलवर ठेवूनच इंजिन चालू केले, तेव्हा ते किंचित खाली गेले आणि थांबले, म्हणजे बूस्टर काम करतो आहे. सर्व सांध्यांवर पुन्हा टिश्यू फिरवला. गल्लीत माणसाच्या चालीच्या वेगाने चार वेळा, नंतर पहाटे मोकळ्या मैदानात वीस, तीस आणि चाळीसच्या वेगाने ब्रेक लावून पाहिले आणि गाडी कोणत्याही बाजूला ओढत नाही याची खात्री केल्यावरच ती रस्त्यावर काढली.

रस्त्यात असा प्रसंग ओढवलाच, तर पेडल भराभर मारावे, क्रमाने खालचे गिअर टाकावेत आणि हँडब्रेकचे बटण दाबून धरून तो थोडा थोडा ओढावा. एकदम ओढला तर मागची चाके जाम होऊन गाडी फिरते.

दोन आठवड्यांनी पट्टी पुन्हा लावली आणि मागचा डावा ड्रमही उघडून पाहिला. टोपीखाली कोरडे होते. त्यानंतर जोतिबाच्या डोंगरावरून उतरताना मुद्दाम पायथ्याशी थांबून पेडल मिनिटभर हलके धरून ठेवले. ते जागचे हलले नाही. तात्या मागच्या सीटवर होते. “आता पुढनं इंजिन ऑइल बदलताना ब्रेक ऑइलचं वय विचारत जा,” एवढेच ते म्हणाले, म्हणून डबीच्या झाकणावर बदलल्याची तारीख रंगाने लिहून ठेवली आहे आणि दोन वर्षांनी ते पुन्हा बदलायचे आहे.